विकिपीडियावर नवा लेख : पान उघडण्याआधीचे काम

गोदावरीला पूर आला की धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हे बातम्यांतून कळते. पण जुन्या नाशिकमध्ये पुराची चौकशी आजही ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले?’ अशीच होते. कमरेला लागले, छातीला लागले, मूर्ती बुडाली, एवढ्या उत्तरावरून घाटापाशी राहणाऱ्या माणसाला पुढचा अंदाज येतो. रामकुंडाजवळच्या या मूर्तीवर मराठी विकिपीडियात आपण लेख लिहावा असे एखाद्या नाशिककराला वाटले, तर त्याने सुरुवात कोठून करावी आणि त्याला शिकवणाऱ्याने कशावर भर द्यावा, हे येथे समजावून सांगायचे आहे. उदाहरणे नाशिकची असली, तरी रीत कोणत्याही गावाच्या, व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या लेखाला तीच लागू पडते.

विकिपीडिया हा १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेला मुक्त ज्ञानकोश असून मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. विकिमीडिया फाउंडेशन ही अमेरिकेतील संस्था त्याचे संकेतस्थळ चालवते, परंतु कोणता लेख ठेवायचा, कोणता वगळायचा आणि मजकूर कसा असावा, हे त्या त्या भाषेतले स्वयंसेवक संपादक आपसात चर्चा करून ठरवतात. मराठी विश्वकोशाशी ताडून पाहिले की या रचनेतला मुख्य फरक लक्षात येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या विश्वकोशातील नोंदी त्या त्या विषयाच्या जाणकारांकडून लिहवून घेतलेल्या आहेत आणि नोंदीखाली लेखकाचे नाव येते. वाचकाचा विश्वास त्या नावावर आणि संपादक मंडळावर असतो. विकिपीडियात लिहिणारा प्राध्यापक आहे की दहावीतला विद्यार्थी, हे वाचकाला कळत नाही. त्यामुळे विश्वासाचा सारा भार एकाच गोष्टीवर येऊन पडतो : लेखातले विधान कोठे छापलेले आहे, हे त्या विधानापाशीच दाखवले आहे की नाही.

नवशिक्या अडखळतो तो येथे. कळफलक, कंस, बटणे या गोष्टी तासाभरात हाताखालून जातात. अवघड जाते ते हे स्वीकारणे की आपल्याला एखादी गोष्ट लहानपणापासून पक्की माहीत आहे, आपल्या आजोबांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तरीही ती विकिपीडियात लिहिण्यासाठी तेवढे पुरेसे नाही. हा नियम माहितीचा अपमान करणारा नाही. ज्या वाचकाने नाशिक कधी पाहिलेले नाही आणि जो आपल्याला ओळखत नाही, त्याला आपले विधान स्वतः तपासून पाहता यावे, एवढीच त्यामागची अपेक्षा आहे. म्हणून नवा लेख तयार करण्याचे खरे काम विकिपीडियाचे पान उघडण्याआधी होते आणि ते बहुतेक वेळा वाचनालयात होते, असे माझे ठाम मत आहे. शिकवणाऱ्याने निम्म्याहून अधिक वेळ या कामाला दिला पाहिजे.

त्याआधी एक लहानसे काम आहे, ते म्हणजे लेख आधीपासून आहे का ते पाहणे. मराठीत हा शोध वाटतो तितका सरळ नसतो. एकाच विषयाची दोन-तीन नावे असतात, ती जोडून किंवा तोडून लिहिली जातात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पडला की शोधपेटीत लेख हाती लागत नाही. ‘पांडवलेणी’, ‘पांडव लेणी’, ‘त्रिरश्मी लेणी’ आणि ‘नाशिक लेणी’ ही चारही नावे एकाच डोंगरावरच्या लेण्यांची आहेत. त्यांतले एकच नाव शोधून ‘लेख नाही’ असे ठरवणारा माणूस त्याच विषयावर दुसरा लेख सुरू करतो आणि पुढे कोणाला तरी ते दोन लेख एकत्र करत बसावे लागते. म्हणून सुचतील ती सर्व रूपे शोधून पाहावीत. लेख नसेल तर वाचक ज्या नावाने शोधण्याची शक्यता सर्वाधिक आहे ते नाव शीर्षकाला द्यावे आणि बाकीच्या नावांवरून लेखाकडे पुनर्निर्देशन करावे, म्हणजे ती नावे शोधणारा वाचक आपोआप याच लेखावर येतो. शीर्षकात श्री., कै., डॉ., ह.भ.प. अशी बिरुदे लावू नयेत.

आता मूळ प्रश्न. एखाद्या विषयावर स्वतंत्र लेख होऊ शकतो का, हे विकिपीडियात ‘उल्लेखनीयता’ या कसोटीवर ठरते. विषय थोर आहे का, पवित्र आहे का, आपल्याला प्रिय आहे का, असे ही कसोटी विचारत नाही. त्या विषयाशी हितसंबंध नसलेल्या लोकांनी त्याच्याविषयी पुरेसे सविस्तर लिहून ते प्रसिद्ध केले आहे का, इतकेच ती विचारते. संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ, वर्धापनदिनाची स्मरणिका, व्यक्तीने स्वतः दिलेली मुलाखत, फेसबुकवरची नोंद, व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर यांवरून ही कसोटी पार पडत नाही, कारण ते सर्व एक तर त्या विषयाच्या बाजूचेच असते किंवा ते कोणी तपासलेले नसते. वर्तमानपत्रात एखाद्या यादीत नुसते नाव येणेही पुरत नाही. उलट पुस्तकातले एक प्रकरण, संशोधनपत्रिकेतला लेख किंवा वृत्तपत्राने स्वतःच्या बातमीदाराकडून लिहून घेतलेला सविस्तर वृत्तान्त, असे दोन-तीन स्वतंत्र संदर्भ मिळाले तर लेखाचा पाया घातला गेला असे समजावे. गावांच्या बाबतीत काम थोडे सोपे होते, कारण शासनदरबारी नोंद असलेल्या वस्तीवर लेख असावा असे सामान्यतः मानले जाते आणि २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका हा तयार संदर्भ हाताशी असतो. तरीही ‘अमुक हे नाशिक जिल्ह्यातील एक गाव आहे’ एवढे एकच वाक्य लिहून पान सोडून देण्याने वाचकाच्या पदरी काहीच पडत नाही.

दुतोंड्या मारुतीसाठी संदर्भ कोठे मिळतील? पहिली जागा म्हणजे पुराच्या वर्षांची वृत्तपत्रे. २००८ च्या सप्टेंबरमधला किंवा २०१९ च्या ऑगस्टमधला पूर घेतला, तर त्या दिवसांच्या मराठी दैनिकांच्या नाशिक आवृत्त्या आणि ‘गांवकरी’, ‘देशदूत’ यांसारखी येथली वृत्तपत्रे क्रमाने पाहावीत. दुसरी जागा म्हणजे नाशिकच्या इतिहासावरची पुस्तके. या शहराचे भाग्य असे की सार्वजनिक वाचनालय नाशिक, म्हणजे आपले ‘सावाना’, १८४० पासून उभे आहे, आणि स्थानिक इतिहासाची जी पुस्तके दुकानात मिळत नाहीत ती अशा वाचनालयाच्या कपाटात सापडण्याची शक्यता असते. नवशिक्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते : संदर्भ इंटरनेटवर उपलब्ध असलाच पाहिजे असा विकिपीडियाचा नियम नाही. कपाटातले जुने पुस्तकही पूर्ण मान्य संदर्भ आहे, फक्त ते दुसऱ्याला शोधून काढता येईल इतका तपशील द्यावा लागतो. त्यासाठी वाचतानाच एका कागदावर पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, प्रकाशनाचे वर्ष आणि पृष्ठ क्रमांक लिहावा, आणि त्याखाली आपल्याला घ्यायची बाब स्वतःच्या शब्दांत मांडावी. वृत्तपत्र असेल तर दैनिकाचे नाव, आवृत्ती, दिनांक, पान आणि बातमीचा मथळा लिहावा. घरात जपून ठेवलेले कात्रण कितीही मोलाचे असले, तरी त्यावरची तारीख कापली गेली असेल तर ते संदर्भ म्हणून वापरता येत नाही. पण त्यातील घटनेवरून तारखेचा माग काढून मूळ अंकापर्यंत पोहोचता येते, आणि ते कष्ट घेण्यासारखे असतात.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिकवरचा सोळावा खंड १८८३ साली प्रसिद्ध झाला आणि नाशिकच्या मंदिरांविषयी, कुंडांविषयी, पेठांविषयी लिहिणारा प्रत्येक जण केव्हा ना केव्हा त्याच्यापाशी येतो. हा खंड अत्यंत उपयुक्त आहे, पण तो वापरताना दोन पथ्ये पाळावी लागतात. एक म्हणजे त्यातली लोकसंख्या, उत्पन्न, रस्ते हे सर्व त्या काळचे आहे, त्यामुळे ‘१८८३ च्या गॅझेटिअरनुसार’ असे वाक्यातच लिहावे. दुसरे, समाजातल्या जातीजमातींविषयी त्यात जी शेरेबाजी आहे ती ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नजरेतून आलेली आहे. ती वस्तुस्थिती म्हणून उचलून लेखात ठेवणे हा त्या समाजावर अन्याय होतो.

लोकश्रद्धा आणि पुरावा एकमेकांसमोर येतात तेव्हा काय लिहावे, याचा पांडवलेणी हा चांगला वस्तुपाठ आहे. लेण्यांचा संबंध पांडवांशी जोडणारी समजूत नावातच आहे. पण या चोवीस लेण्यांतले शिलालेख पाहिले तर ही बौद्ध लेणी असल्याचे आणि त्यांना सातवाहन व क्षत्रप काळात दाने मिळाल्याचे दिसते. तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, तर दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. ज्ञानकोशात दोन्ही गोष्टी येतात, पण आपापल्या जागी : शिलालेखांतून जे सिद्ध होते ते विधान म्हणून, आणि जी समजूत आहे ती ‘अशी समजूत आहे’ म्हणून, तिच्या संदर्भासह. मात्र लेण्यासमोर उभे राहून आपण स्वतः ब्राह्मी लेख वाचला आणि त्याचा नवा अर्थ लावला, तर तो विकिपीडियात घालता येत नाही. तो अर्थ आधी अभ्यासकांच्या पत्रिकेत प्रसिद्ध व्हावा लागतो. स्वतःचे संशोधन विकिपीडियात प्रथम मांडू नये, हा नियम हुशार आणि उत्साही नवशिक्याला सर्वांत जास्त टोचतो, म्हणून तो त्याला आधीच समजावून द्यावा.

संदर्भ गोळा झाले की लेखन. येथे आपल्या शाळेतल्या निबंधाच्या सवयी आड येतात. नवशिक्याचा पहिला मसुदा बहुधा असा असतो : ‘गोदामाईच्या कुशीत विसावलेला जागृत दुतोंड्या मारुती हा समस्त नाशिककरांचे श्रद्धास्थान असून त्याचे विलोभनीय रूप पाहून भाविक धन्य होतात.’ या वाक्यात मनापासूनची भक्ती आहे, पण नाशिक न पाहिलेल्या वाचकाला मूर्ती कोठे आहे, कशी आहे आणि ती प्रसिद्ध का आहे, यांतले काहीच कळत नाही. तेच ज्ञानकोशाच्या भाषेत असे लिहिता येईल : ‘दुतोंड्या मारुती ही महाराष्ट्रातील नाशिक शहरात रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात असलेली हनुमानाची द्विमुखी मूर्ती आहे. पुराचे पाणी मूर्तीच्या कोणत्या भागापर्यंत पोहोचले, यावरून पुराची तीव्रता सांगण्याची पद्धत शहरात रूढ आहे.’ पहिल्या वाक्यात विषय काय आहे आणि कोठे आहे, दुसऱ्यात त्याची ख्याती कशासाठी आहे. दुसऱ्या वाक्याला लगेच संदर्भ जोडावा, कारण ‘रूढ आहे’ असे म्हणणारे आपण कोण, हा प्रश्न वाचक विचारणार आणि त्याने विचारावाच. विलोभनीय, सुप्रसिद्ध, थोर, अविस्मरणीय ही विशेषणे काढून टाकल्यावर वाक्यात काहीच उरत नसेल, तर त्या वाक्यात मुळात माहिती नव्हती असे समजावे.

पक्षपात केवळ विशेषणांतून येतो असे नाही. काय गाळले आहे यातूनही तो येतो. काळाराम मंदिराच्या लेखात सरदार ओढेकरांनी केलेले बांधकाम, काळा पाषाण, रामनवमीचा उत्सव हे सर्व आले आणि २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह आला नाही, तर तो लेख एकांगी ठरतो, मग त्यातले प्रत्येक वाक्य खरे का असेना. नवशिक्याला हे सांगताना मी संकोच करत नाही. ज्ञानकोशात लिहिणाऱ्याने आपल्याला आवडणारे तेवढेच लिहायचे ठरवले, तर वाचकाची फसवणूक होते.

प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) विषयही टाळता येत नाही. विकिपीडियातला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली प्रसिद्ध होतो, त्यानुसार तो कोणीही श्रेय देऊन आणि त्याच परवान्याखाली पुन्हा वापरू शकतो, अगदी विकूही शकतो. म्हणजे दुसऱ्याच्या पुस्तकातला उतारा तेथे चिकटवताना आपण त्याचा माल परस्पर वाटून टाकत असतो. विश्वकोशातली नोंद, वृत्तपत्रातला लेख, संकेतस्थळावरचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवून खाली संदर्भ दिला, तरी तो भंगच असतो आणि असा मजकूर काढून टाकला जातो. चार शब्द इकडेतिकडे फिरवल्यानेही काम भागत नाही. दोन-तीन संदर्भ वाचून, ते मिटवून, मग आपल्या वाक्यांत लिहिणे हा खात्रीचा उपाय आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे प्रताधिकार चालतो. नाशिकचे कवी कुसुमाग्रज १९९९ साली निवर्तले, म्हणजे त्यांच्या कविता २०५९ च्या अखेरपर्यंत प्रताधिकारात आहेत, आणि त्यांच्यावरच्या लेखात प्रेमापोटी संपूर्ण कविता देणे योग्य नाही. छायाचित्रालाही हेच लागू : आपण स्वतः काढलेले छायाचित्र विकिमीडिया कॉमन्स या मुक्त छायाचित्रांच्या सामायिक संग्रहावर चढवावे, गूगलवर सापडलेले किंवा कोणी पाठवलेले चढवू नये.

तांत्रिक भाग थोडक्यात सांगता येतो. खाते उघडावे, ते सक्तीचे नाही, पण आपले काम एका नावाखाली राहते आणि इतरांना आपल्याशी बोलता येते. मराठी टंकलेखनाची सोय विकिपीडियाच्या पानावरच आहे, कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबल्या की ती चालू-बंद होते. मसुदा थेट मुख्य ठिकाणी न लिहिता आपल्या सदस्यपानाच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर, लिहावा. विषयाचे नाव पहिल्या वाक्यात तीन-तीन सरळ एकेरी अवतरणचिन्हांमध्ये (''') ठेवले की ठळक होते, दुसऱ्या लेखाचे नाव [[गोदावरी नदी]] असे दुहेरी चौकोनी कंसात ठेवले की दुवा तयार होतो आणि == इतिहास == असे लिहिले की उपशीर्षक होते. ज्याला ही चिन्हे नकोशी वाटतात त्याने यथादृश्य संपादक, म्हणजे मजकूर जसा दिसणार तसाच दाखवणारी संपादनाची सोय, वापरावा; तेथे संदर्भ जोडण्यासाठी बटण असते आणि त्यात आपल्या कागदावरचा तपशील भरायचा असतो. शेवटी [[वर्ग:...]] लिहून योग्य वर्ग, म्हणजे लेखाचा विषयगट, जोडावा. प्रकाशित करण्याआधी झलक पाहावी आणि बदलांचा आढावा या चौकटीत आपण काय केले ते एका ओळीत लिहावे.

लेख प्रकाशित झाला म्हणजे तो आपला झाला असे नाही. थोड्याच वेळात कोणी तरी शुद्धलेखन सुधारील, कोणी मुख्य तपशील एकत्र दाखवणारी माहितीचौकट जोडील, कोणी एखादे वाक्य काढून टाकील. ‘इतिहास’ या कळीवर प्रत्येक बदल, तो करणारा आणि त्याची वेळ दिसते, जुनी आवृत्ती कायम राहते, त्यामुळे काही हरवत नाही. बदल पटला नाही तर तो लगेच उलटवण्याऐवजी लेखाच्या चर्चापानावर संदर्भासह कारण मांडावे. लेख वगळण्याची सूचना लागली तरी रागावून निघून जाऊ नये. सूचनेतले कारण वाचावे, संदर्भ कमी असतील तर ते जोडावेत आणि चर्चापानावर किंवा चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, तसे कळवावे. लेखातले बदल कळत राहावेत म्हणून तो आपल्या निरीक्षणसूचीत ठेवावा आणि त्याच्याकडे येणारे दुवेही तयार करावेत : ‘नाशिक’, ‘रामकुंड’, ‘गोदावरी नदी’ या लेखांत जेथे उल्लेख सहज बसतो तेथे नव्या लेखाचा दुवा दिला नाही, तर तो वाचकांच्या नजरेस पडतच नाही. इतर भाषांत त्याच विषयाचा लेख असेल तर विकिडेटा या सर्व भाषांच्या सामायिक माहितीसाठ्यावरून दोन्ही जोडले जातात.

शिकवणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी स्वतंत्रपणे सांगतो. महाविद्यालयात कार्यशाळा घेतली आणि सर्वांनी तेथल्या एकाच इंटरनेट जोडणीवरून खाती उघडायला घेतली, तर सहा खात्यांनंतर नोंदणी अडते, कारण गैरवापर टाळण्यासाठी एका जोडणीवरून चोवीस तासांत तेवढीच खाती उघडू देतात. म्हणून खाते घरून उघडून येण्यास सांगावे, नाहीतर सकाळचा सगळा वेळ त्यातच जातो. विद्यार्थ्यांना स्वतःवर, आपल्या वडिलांवर, आपल्या संस्थेवर किंवा संस्थाचालकांवर लेख लिहायला देऊ नये. तेथे तटस्थ राहणे कोणालाही कठीण असते आणि पहिलाच लेख वगळला गेला की मूल पुन्हा त्या वाटेला जात नाही. एका बैठकीत किती लेख झाले हे मोजण्याचा मोह टाळावा. एकाने एकच विषय घ्यावा, त्याचे संदर्भ आदल्या आठवड्यात वाचनालयातून आणावेत, आणि ज्याला ते मिळाले नाहीत त्याने त्या दिवशी नवे पान न उघडता आधीच्या एखाद्या लेखात एका विधानाला संदर्भ जोडावा. तेही त्याचे विकिपीडियातले काम म्हणून इतिहासात नोंदले जाते, आणि पुढच्या बैठकीला तो येतो तेव्हा संदर्भ कसा द्यायचा हे त्याला पुन्हा शिकवावे लागत नाही.